शेड कार्ड

ऐरोलीच्या फ्लॅटला उत्तरेची खिडकी हवी
एवढीच अट आप्पांनी बिल्डरला घातली होती.
पाणी किती वेळ येतं, तेही विचारलं नाही.
एकतीस वर्षं रबाळ्याच्या डाईच्या कारखान्यात
ते कापडाचे तुकडे उत्तरेच्या उजेडात धरून
हा लाल त्या लालाला लागतो का, एवढंच सांगत आले.
साहेब विचारायचे, किती टक्के कमी?
आप्पा म्हणायचे, चिमूटभर पिवळा घाला.
चिमूट त्यांची. बॅच चारशे किलोची.

घरी येऊन कितीही घासले हात
तरी नखांच्या कडेला आठवड्याचा रंग राहायचाच.
आई ताट वाढता वाढता म्हणायची,
आज मोरपंखी होता वाटतं.

त्याच खिडकीत आता माझं टेबल आहे.
स्टीलच्या ताटात एक पापलेट, अर्धं लिंबू,
मागे आईची विटलेली वायलची साडी, पडदा म्हणून.
लिंबू पिवळं असतं
असं मी आता छातीठोकपणे सांगणार नाही.
शेजारी दुधाची निळी पिशवी सरकवली की ते पेटतं,
पिशवी काढून घेतली
की साधं, बाजारातलं, दहाला तीन.

खाडीवर जाते तेव्हा
सगळ्या लेन्सा गुलाबी पंखांकडे वळलेल्या असतात.
मी ओहोटीचा चिखल काढते.
करडा म्हणतात त्याला, पण थांबलं की
त्यात वांग्याच्या सालीचा जांभळा निघतो,
तवा धुतल्या पाण्याचा काळसर हिरवा,
आणि एकदा, नाल्याच्या तोंडाशी,
असा नारिंगी
की मी श्वास धरून सतरा फोटो काढले.
आप्पांनी प्रिंट हातात घेतली.
खिडकीशी नेली.
"हा आमचा आहे," म्हणाले,
आणि चष्मा पुसत बसले.

त्यानंतर दोन वर्षं मी रंग वापरलाच नाही.
काळा, पांढरा, मधल्या राखा.
वाटायचं, असं निदान कुणी फसणार नाही.

दिवाळ्याच्या बाजारात चांगुणाबाईंना
त्यांच्याच पाटीचा फोटो नेऊन दिला.
त्यांनी तो उलटासुलटा केला, कोयता बाजूला ठेवला.
"बाय, यात कलतंय का,
म्हावरा ताजा हाय का शिला?"
आणि सुरमईचा गाल उचलून दाखवला:
आत लाल. ओला, दुमडलेला, अजून बोलणारा लाल.
"ह्या बगून लोक पैसं देतात."
फोटो मात्र ठेवून घेतला. भिंतीला लावीन म्हणाल्या.
माझा आजा दिसतो तसा दिसतंय सगला.

आप्पांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ऑगस्टमध्ये.
डावा अजून व्हायचाय.
पट्टी निघाली त्या दिवसापासून
ते घरभर एकेक डोळा झाकत फिरतात.
भिंत. भात. माझे केस.
"ह्या डोळ्यानं चुन्यात नीळ घातलीय.
ह्या डोळ्यानं साजूक तूप.
म्हणजे शेवटची दहा वर्षं
मी कुठला पांढरा पास करत होतो?"
मी म्हटलं, गिऱ्हाइकाची तक्रार नव्हती ना आली.
ते हसले नाहीत.

आज टेबल मांडत होते तेव्हा
मागे येऊन उभे राहिले.
"तो नारिंगी काढ बरं जरा."
कपाटातून प्रिंट काढून दिली.
आधी उजव्या डोळ्यानं, मग डाव्यानं,
मग पुन्हा उजव्यानं.
किती वेळ, ते मी मोजलं नाही.

"चिमूटभर पिवळा जास्त पडला होता,"
म्हणाले शेवटी,
आणि प्रिंट पापलेटाशेजारी ठेवून आत गेले.

लिंबाचा रंग बदलला.
ताटाच्या कडेला एक नारिंगी रेघ उतरली.
माशाचा डोळा पांढरा पडायला लागला होता.
मी प्रिंट उचलली नाही.
कॅमेरा थोडा खाली घेतला.